नोन्नो जिमीचं गाव: इटलीहून आलेल्या एका आजोबांचा माग

घरच्यांना विचारूनच लिहितेय. आडनाव आणि गावाचं नाव मुद्दाम गाळलंय, बाकी जसं घडलं तसं.

पार्श्वभूमी

आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. २०२१ मध्ये मुलाचं लग्न झालं, सून इटालियन-अमेरिकन. लग्नाआधी देवक, मुहूर्त वगैरे चाललं होतं तेव्हा माझ्या सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या आणि त्यांनी सवयीनं विचारलं, "अगं पण त्यांचं मूळ गाव कुठलं? कुलदैवत कुठलं?" मी ते इंग्रजीत करून व्याह्यांना विचारलं. गाव? म्हणाले नेपल्स. कुलदैवत म्हणजे काय हे समजावताना माझी दमछाक झाली, शेवटी ते म्हणाले आम्ही कॅथलिक आहोत, आणि विषय तिथंच राहिला.

इटलीहून आले ते व्याह्यांचे आजोबा, म्हणजे सुनेचे पणजोबा. घरात सगळे त्यांना नोन्नो जिमी म्हणतात, नोन्नो म्हणजे आजोबा. त्यांच्याबद्दल घरात चार गोष्टी माहीत होत्या. थडग्यावर जेम्स असं नाव आणि १८८० ते १९५८ अशी सालं. ते इथल्याच नूअर्क शहराच्या फर्स्ट वॉर्ड भागात राहायचे आणि चामडं कमावायच्या कारखान्यात कामाला होते. नेपल्सहून आले. आणि एलिस आयलंडवर (बोटीनं आलेल्यांची तपासणी व्हायची ते न्यूयॉर्कजवळचं बेट) साहेबानं त्यांचं नाव बदललं. यातलं फर्स्ट वॉर्ड आणि चामड्याचा कारखाना एवढंच शेवटपर्यंत टिकलं.

१ एप्रिल २०२२ ला अमेरिकेचा १९५० चा सेन्सस खुला झाला (इथे सेन्ससचे कागद ७२ वर्षांनी लोकांना बघायला मिळतात) आणि व्याह्यांना त्यात आजोबांचं नाव सापडलं. त्या रात्री त्यांचा फोन आला, आवाज एकदम लहान मुलासारखा, आता गावसुद्धा सापडेल ना म्हणाले. मला या गोष्टींचा नाद आहे हे त्यांना माहीत होतं. आमच्या घराण्याची वंशावळ मी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीवरून उतरवून आणली होती, ती कथा मी त्यांना दोनदा तरी ऐकवली होती. मग काय, अडकले.

अडचण

अडचण समजायलाच आम्हाला दोन महिने गेले. इटलीत जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी गावागावाच्या आहेत, म्हणजे कोमूनेच्या. आपल्या नगरपालिका-ग्रामपंचायतीसारखं समजा. अशी जवळपास ७,९०० कोमूने आहेत आणि सगळ्या देशाची मिळून एक यादी कुठंच नाही. नोंदी मात्र झकास. दक्षिणेत, म्हणजे जुन्या नेपल्सच्या राज्यात, नेपोलियनच्या काळात १८०९ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि प्रत्येक वही दोन प्रतीत लिहायची, एक गावात ठेवायची आणि दुसरी कोर्टात पाठवायची. गाव माहीत असेल तर पाच-सहा पिढ्या मागं जाता येतं, गाव माहीत नसेल तर काहीच नाही. सगळा खेळ त्या एका नावाचा.

आणि आमच्याकडं होतं "नेपल्स". कोकणातला माणूस परदेशात गेला की "मुंबईचा" होतो ना, तसलाच प्रकार. १८८० ते १९२० मध्ये ४० लाखांवर इटालियन अमेरिकेत आले, त्यात दक्षिणेतले बरेचसे नेपल्स बंदरातून बोटीत बसले. नूअर्कमधल्या क्लार्कला त्या डोंगरातल्या गावाचं नाव सांगून काय कळणार, मग सांगायचं नेपल्स. १९४२ मध्ये सरकारनं वयस्कर पुरुषांची लष्करी नोंदणी केली त्या कार्डावर जन्मठिकाण विचारलंय, तिथंसुद्धा नोन्नोंनी नेपल्स, इटली असंच लिहून दिलंय. व्याह्यांना वाटलं हा पुरावा. मलाही वाटलं, उगाच शहाणपणा कशाला दाखवू.

दुसरी अडचण नावाची, आणि तिनं आम्हाला जास्त रडवलं. जेम्सचं इटालियन रूप जाकोमो. मग शोधा जाकोमो. पॅसेंजर लिस्टमध्ये जाकोमो, नागरिकत्वाच्या इंडेक्समध्ये जाकोमो आणि जेम्स, दोन्ही. मिळाले भरपूर, आपला एकही नाही.

समोरचे पर्याय

जून २०२२ मध्ये आमच्या डेकवर बसून आम्ही चौघं (व्याही, विहीणबाई, आमचे हे आणि मी) यावर बोललो. सुनेचा चुलतभाऊ फोनवर होता, त्याला इटालियन पासपोर्टमध्ये इंटरेस्ट होता आणि त्याला सगळं उद्याच हवं होतं.

पहिला पर्याय इटलीतला पैसे घेऊन शोध करणारा माणूस गाठायचा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोमूने कोणतं? म्हणजे जे आम्हाला हवं तेच त्यांना द्यायचं होतं. तो विषय तिथंच बारगळला.

दुसरा डीएनए. चुलतभावानं स्वतःची टेस्ट आधीच केली होती आणि त्याच्या यादीत शेकड्यानं लांबचे नातेवाईक होते, बहुतेकांची वंशावळीची झाडं रिकामी. मी म्हटलं करायचीच असेल तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची करा, एक पिढी वर गेलं की नातं तेवढं जवळचं दिसतं. म्हणजे व्याह्यांच्या आत्याची, नोन्नोंची धाकटी लेक, तेव्हा ९३ वर्षांच्या. त्यांनी साफ नाही सांगितलं, माझी थुंकी कुणाला कशाला हवी म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं.

तिसरा, नेपल्सलाच पत्र टाकायचं. आणि चौथा, जो मला पटत होता पण मी नीट रेटला नाही, तो म्हणजे इटलीचं नाव सध्या काढायचं नाही, आधी अमेरिकेतले सगळे कागद गोळा करायचे. चर्चमधली लग्नाची नोंद, नागरिकत्वाचा अर्ज, मुलांचे बाप्तिस्मे, सगळं. १९३० च्या सेन्ससमध्ये नोन्नोंच्या नावापुढं "एनए" लिहिलंय, म्हणजे नागरिक झालेला माणूस. १९०६ च्या सप्टेंबरनंतरच्या नागरिकत्वाच्या फॉर्मवर जन्मतारीख, जन्मठिकाण आणि कुठल्या बोटीनं कधी आलात हे सगळं असतं. म्हणजे तो एक कागद मिळाला असता तर निम्मं काम झालं असतं. पण इंडेक्समध्ये जेम्स नाही, जाकोमो नाही, मग आम्ही ठरवून टाकलं की सेन्ससवाल्यानंच चूक केली असणार आणि नोन्नो नागरिक झालेच नाहीत.

हा आमचा सगळ्यात मोठा चुकीचा निर्णय. कागद सापडला नाही यावरून कागद नाहीच असं धरलं.

काय केलं

बहुमतानं पत्र गेलं. सूनबाईनं इटालियनमध्ये लिहून दिलं, कॉलेजात शिकली होती थोडं. नेपल्स शहराच्या नोंदणी ऑफिसला, १८८० सालचा जाकोमो अमुक शोधून द्या म्हणून. उत्तर आलं नाही, आणि आता विचार करते तर काय म्हणून येणार, एवढ्या शहरात वॉर्डवार वह्या, वर बाळाचं नावच चुकीचं. चार महिने वाट बघितली. या चार महिन्यांत मी एक काम केलं ते म्हणजे पॅसेंजर लिस्ट वाचायला शिकले.

त्यातून पहिली दंतकथा गेली. एलिस आयलंडवर नावं कुणी बदलत नव्हतं. यादी बोट सुटायच्या बंदरात तयार व्हायची, नेपल्सला नेपल्सच्या कारकुनानं लिहिलेली, आणि इथला इन्स्पेक्टर ती समोर धरून एकेकाला प्रश्न विचारायचा. म्हणजे लिस्टवर नाव इटालियनच असणार, बायकांचं तर माहेरचंच, कारण तिथं लग्नानंतर कागदोपत्री आडनाव बदलत नाही. जेम्स जो झाला तो नंतर, कारखान्यात नाहीतर गल्लीत, बहुधा स्वतःहून. व्याह्यांना हे अजिबात आवडलं नाही. साहेबानं नाव हिसकावलं ही गोष्ट त्यांनी पन्नास वर्षं सांगितली होती.

वळण आलं मे २०२३ मध्ये, आणि ते सासूबाईंच्या प्रश्नामुळं.

आत्यांना भेटायला आम्ही आधी दोनदा गेलो होतो, समुद्राजवळच्या एका वृद्धाश्रमात असतात. दोन्ही वेळा व्याह्यांनी तेच विचारलं, पापा कुठल्या गावचे? आणि आत्यांनी तेच सांगितलं, नेपल्स. तिसऱ्या वेळी व्याही कॉफी आणायला गेले होते, मी नि आत्या दोघीच. बोलायला काही नव्हतं म्हणून मी विचारलं, घरात कुठल्या सेंटचा फोटो होता? हे म्हणजे सासूबाईंचंच कुलदैवत, फक्त इंग्रजीत. आत्या ताठ बसल्या. सान जेरार्दो, म्हणाल्या. ऑक्टोबरात मिरवणूक निघायची, पापा मूर्तीला डॉलरची नोट टाचायचे, घरात पैसे नसले तरी. मग पर्समधून त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि त्यात तो फोटो, पत्त्यांच्या पानाएवढा, कडा झिजून मऊ झालेल्या, काळ्या झग्यातला बारीक चेहऱ्याचा तरुण, हातात क्रूस.

मी सहज पुढं विचारलं, पापांचा वाढदिवस कधी असायचा? पाच एप्रिल. पण वर्ष कुणी मोजायचं नाही, केकबिक काही नाही, चर्चला जायचं आणि जेवायला पाहुणे. वाढदिवसाला चर्च हे मला जरा वेगळं वाटलं, पण डोक्यात तेवढ्यावरच राहिलं.

सान जेरार्दो मायेल्ला हा संत १७२६ मध्ये मुरो लुकानो गावात जन्मला आणि १७५५ मध्ये मातेरदोमिनीला वारला, ते कापोसेले गावच्या हद्दीत आहे. सगळा डोंगराळ मुलूख, आव्हेलिनो प्रांताचा पूर्व भाग आणि त्याच्या शेजारचा, सेले नदी उगम पावते तिथला. नूअर्कच्या फर्स्ट वॉर्डातल्या सेंट लूसी चर्चमध्ये याच संताचा उत्सव १८९९ पासून चाललाय, कारण तिथं येऊन राहिलेले बरेच लोक त्याच डोंगरातले होते, कापोसेले, तेओरा, कालाब्रित्तो, लिओनी असल्या गावांतले. इटलीतल्या लोकांची सवय आपल्यासारखीच, गाव सोडलं तरी गावचा देव बरोबर, आणि एका गावचे लोक एका गल्लीत. जेजुरीचा खंडोबा घरात असला म्हणून माणूस जेजुरीचाच असं नाही हे मलाही कळतं. पण ७,९०० वरून आम्ही दहा-पंधरा गावांवर आलो होतो.

नावाचा घोळ लायब्ररीत सुटला. तिथं दर महिन्याला वंशावळ शोधणाऱ्यांना मदत करायला एक वयस्कर स्वयंसेविका बसतात. मी त्यांना सगळी रामकहाणी सांगत होते, जेम्स, जाकोमो, पाच एप्रिल, आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं. पाच एप्रिल हा सान व्हिन्चेन्झो फेर्रेरीचा दिवस. तुमचे जेम्स म्हणजे व्हिन्चेन्झो. मी म्हटलं व्हिन्सेंट व्हायला हवं ना मग? त्या हसल्या. त्या पिढीतले कितीतरी व्हिन्चेन्झो अमेरिकेत जिमी झाले आणि जिमीचे जेम्स झाले, इटालियन घरांमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं म्हणे. आणि दक्षिण इटलीत वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा, ज्या संताचं नाव आपल्याला त्याचा दिवस साजरा करायचा. म्हणून चर्च.

वर्षभर आम्ही जेम्सचं डिक्शनरीतलं भाषांतर करून शोधत होतो. म्हणजे कुणी "बाळासाहेब" नावाच्या माणसाचा जन्मदाखला बाळासाहेब याच नावानं शोधत बसावं तसं.

त्या रात्री अकरा वाजता नागरिकत्वाच्या इंडेक्समध्ये व्हिन्चेन्झो टाकलं आणि पहिल्या पानावर आले. १९२७ चा अर्ज. पूर्ण फाइल यायला दोन महिने लागले. त्यात "जेम्स या नावानेही ओळख", बायकोचं नाव, सगळ्या मुलांची नावं वयासकट, म्हणजे माणूस तोच. जन्मतारीख ५ एप्रिल १८८२. जन्मठिकाणी आव्हेलिनो प्रांत आणि पुढं गावाचं नाव, टायपिस्टनं कानाला ऐकू आलं तसं ठोकलेलं, नकाशावर असं गाव नाहीच. पण हातात संतामुळं मिळालेली दहा-पंधरा नावं होती, ती एकेक मोठ्यानं म्हणून बघितली, चौथं जुळलं. आमचे हे म्हणाले तू स्वयंपाकघरात मंत्र म्हणतेयस असं वाटतंय.

आणि अर्जात आगमनाची तारीख १९०९ ची. सेन्ससमध्ये तर १९०३ होतं!

इथं व्याहींचं नि माझं वाजलं. ते म्हणाले सेन्सस खरा, १९०३ च, अर्जात चूक. मी म्हटलं अर्ज शपथेवर आहे आणि जून १९०६ नंतर आलेल्या माणसाच्या अर्जाला सरकार जुनी पॅसेंजर लिस्ट काढून, ताडून, आगमनाचा दाखला जोडायचं. दोघांचंही बरोबर निघालं. नोन्नो दोनदा आले होते. त्या काळचे कितीतरी इटालियन तसेच, दोन-चार वर्षं कमवायचं, परत जायचं, पुन्हा यायचं, त्यांना प्रवासी पक्षी असंच म्हणायचे. सेन्ससवाल्याला पहिली खेप सांगितली, कोर्टाला शेवटची.

१९०९ ची यादी पाच मिनिटांत मिळाली कारण बोट आणि तारीख हातात होती. १९०७ पासून या याद्या दोन पानी झाल्या, त्यामुळं दुसरी खेप आमच्या पथ्यावर पडली. डाव्या पानावर नाव, वय २६, धंदा मजूर, वंश "दक्षिण इटालियन" (हो, उत्तर-दक्षिण वेगळे लिहायचे), आणि मागं राहिलेला जवळचा नातेवाईक म्हणून आईचं नाव, गावाच्या नावासकट. उजव्या पानावर कुणाकडं चाललाय तर मेव्हण्याकडं, नूअर्क. उंची, केस, डोळे, आणि शेवटच्या रकान्यात जन्मगाव, नीट स्पेलिंगसकट. नोन्नोंच्या नावाच्या वर वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात आकडे खरडलेले होते, ते १९२७ मध्ये यादी ताडली तेव्हाचे. म्हणजे एका कारकुनानं आमच्या आधी ९६ वर्षं हाच माणूस याच पानावर शोधला होता. मी ते झूम करून किती वेळ बघत बसले होते सांगता येत नाही.

१९०३ ची यादी मग गावाच्या नावावरून सापडली, इंडेक्स करणाऱ्यानं गावाचा "सी" हा "एल" वाचला होता आणि आडनावाचं पहिलं अक्षरही. स्टीव्ह मोर्सच्या साइटवर असे फॉर्म आहेत की आडनाव अर्धवट टाकून बाकीच्या गोष्टींवरून शोधता येतं, त्याशिवाय जमलं नसतं.

चुकीचा व्हिन्चेन्झो

आता गाव होतं. इटलीच्या सरकारी अर्काइव्हजचं अंतेनाती नावाचं पोर्टल आहे, म्हणजे "पूर्वज", तिथं वह्यांचे स्कॅन फुकट बघता येतात. कोर्टात गेलेली जी दुसरी प्रत, तीच पुढं प्रांताच्या अर्काइव्हमध्ये गेली आणि तीच स्कॅन झाली. याचं महत्त्व आम्हाला नंतर कळलं. २३ नोव्हेंबर १९८० ला त्या भागात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला, अडीच हजारांवर माणसं गेली, गावंच्या गावं पडली. एखाद्या गावातली प्रत आणि चर्चची दप्तरं ढिगाऱ्यात गेली असली तरी दुसरी शिल्लक होती.

बऱ्याच गावांचं नावानं सर्च होत नाही, पान पान उलटायचं. प्रत्येक वर्षाच्या वहीच्या शेवटी आडनावांची यादी असते ती आधी बघायची एवढीच सवलत. थडग्यावर १८८० होतं म्हणून आम्ही १८८० उघडलं आणि मिळाला की! व्हिन्चेन्झो, आडनाव तेच, आईचं नाव पॅसेंजर लिस्टमधलंच, बापाचं नाव दोमेनिको. आणि नोन्नोंच्या थोरल्या मुलाचं नाव डॉमिनिक, तिकडं पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवतात, म्हणजे तेही जुळलं. जन्म फेब्रुवारीतला होता, पण पाच एप्रिल नामदिन आहे हे माहीत होतंच. व्याह्यांनी प्रिंट काढून फ्रेम केली. चुलतभावानं प्रमाणित प्रत मागवायला पत्र लिहायला घेतलं.

मला मात्र खटकत होतं की शपथेवर १८८२ सांगणारा माणूस आणि १९०९ मध्ये वय २६ लिहिणारा माणूस १८८० चा कसा. थडग्यावरचं साल पोरांनी घातलेलं, १९४२ च्या कार्डावर त्यानं स्वतःच १८८० सांगितलेलं, गोंधळ होताच. मग सवयीनं १८८१ ची मृत्यूंची वही उघडली. जुलै. व्हिन्चेन्झो, दोमेनिकोचा मुलगा, वय सतरा महिने.

व्याह्यांना फोन करायला मला दोन दिवस लागले.

मेलेल्या बाळाचं नाव पुढच्याला द्यायची पद्धत तिथं सर्रास होती, कारण आजोबांचं नाव चालू राहायला हवं. मी १८८२ ची वही घेतली, नोव्हेंबरमध्ये दुसरा व्हिन्चेन्झो, आईबाप तेच. हा आपला. साल आकड्यात लिहीत नाहीत, अक्षरी लिहितात, मिलेओत्तोचेन्तोत्तान्तादुए असा एकच लांबलचक शब्द, पहिल्यांदा वाचताना श्वास संपतो. ही नोंद बापानं नाही, सुईणीनं केलीय, कारण बाप गावात नव्हता असं त्यातच लिहिलंय. पहाटे चार वाजता जन्म, रस्त्याचं नाव, घर नंबर. खाली फक्त अधिकाऱ्याची सही, सुईण आणि साक्षीदारांना लिहिता येत नव्हतं असं नोंदवून.

निकाल

दोमेनिकोच्या मागं अजून चार पिढ्या मिळाल्या, १८०९ च्या आधीच्या दोन अंदाजानं, मृत्यूच्या नोंदीत मेलेल्याच्या आईबापांची नावं लिहितात त्यावरून. फ्रेममधला कागद बदलला. त्या गेलेल्या बाळाचा कागदही व्याह्यांनी फेकला नाही, फ्रेमच्या मागं ठेवलाय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याही आणि विहीणबाई गावी जाऊन आले, १६ तारखेला सान जेरार्दोचा सण असतो तो धरून. नोंदीतला रस्ता आता नाही, भूकंपानंतर गाव नवीन आखलं. नोंदणी ऑफिसातल्या बाईंनी जन्मनोंदीचा उतारा तिथल्या तिथं करून दिला, आडनाव ऐकून म्हणाल्या या नावाची तीन घरं आहेत, त्यातल्या एका घरी जेवण झालं. नातं नक्की काय ते अजून कागदावर बसलेलं नाही पण जेवण झालं.

पासपोर्टचं मात्र राहिलं. चुलतभाऊ कागद जमवत राहिला, आणि २८ मार्च २०२५ ला इटलीनं डिक्री काढून रक्ताच्या नात्यानं मिळणारं नागरिकत्व आईवडील आणि आजी-आजोबांपुरतंच केलं, मे महिन्यात त्याचा कायदाही झाला. त्याचे तर पणजोबा. तो माझ्यावर थोडा नाराज आहे, चुकीच्या बाळात आणि जाकोमोत वेळ गेला म्हणतो. १९२७ ला नोन्नो अमेरिकन झाले त्यामुळं त्याचं तसंही अवघडच होतं, पण हे त्याला सांगायची ही वेळ नाही.

आत्यांना मी खरी तारीख दाखवली. त्यांनी कागद चष्मा लावून वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, पापांचा वाढदिवस पाच एप्रिल. त्यांनी सान जेरार्दोच्या फोटोची एक कलर कॉपी सासूबाईंसाठी दिली, ती साताऱ्याला देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी आहे. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, व्याह्यांचा देव आहे, बाहेर कुठं ठेवायचा.

पुन्हा करायचं झालं तर

आत्यांना पहिल्याच भेटीत गावाचं नाव विचारायचं नाही. ते सांगून सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर असतं. देव कुठला, सणाला काय शिजायचं, लग्नाला साक्षीला कोण उभं होतं, कोणाला काका म्हणायचे जो खरा काका नव्हता, असलं विचारायचं. आणि विचारायला घरचं माणूस नसलं तर बरंच, मुलाला जे सांगत नाहीत ते परक्या बाईला कॉफी येईपर्यंत सांगतात.

नागरिकत्वाची फाइल सगळ्यात आधी. सेन्ससमध्ये "एनए" दिसत असताना इंडेक्समध्ये नाव नाही तर इंडेक्समधलं नाव चुकलंय असं धरायचं. त्या एका गोष्टीत आमचे दहा-अकरा महिने गेले.

लग्नाची चर्चमधली नोंद आम्ही मागवलीच नव्हती, सगळं संपल्यावर मागवली. नोन्नोंचं लग्न १९१० चं. १९०८ च्या ईस्टरपासून कॅथलिक चर्चनं नियम केला होता की लग्न लागलं की ते बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायचं, त्यामुळं त्या रजिस्टरमध्ये दोघांच्या बाप्तिस्म्याची ठिकाणं बऱ्याचदा लिहिलेली असतात. नोन्नोंचं गाव तिथं शाईनं स्वच्छ लिहिलं होतं, आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. ते बघून व्याही आधी हसले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि जन्म सापडला की फ्रेम करायच्या आधी पुढच्या दहा वर्षांच्या मृत्यूंच्या वह्या बघायच्या.

त्याच रजिस्टरमध्ये नोन्नांचंही गाव आहे, म्हणजे नोन्नोंच्या बायकोचं, पण तिथं शाई पसरलीय आणि पहिली दोन अक्षरं सोडून काही लागत नाही. तिचं माहेरचं आडनाव आत्तापर्यंत तीन कागदांवर तीन तऱ्हेनं मिळालंय. पुढच्या शनिवारी आत्यांकडं जातोय, मी कॉफी प्यायला व्याह्यांना परत बाहेर पाठवणार आहे.